सैल सोडलेला धागा

टेरी टॉवेलच्या मागावर दोन बीम असतात. एका बीमवरचं सूत घट्ट ताणलेलं असतं आणि कापडाचा पाया त्याच्यावर उभा राहतो. दुसऱ्या बीमवरचं सूत मुद्दाम सैल सोडलेलं असतं. आडवा धागा दोनदा येतो आणि तयार कापडाच्या थोडा अलीकडेच थांबतो. तिसऱ्या धाग्याला फणी पूर्ण ठोका देते, तिन्ही धागे एकदम पुढे सरकतात आणि सैल सुताचे लूप वर उचलले जातात. टॉवेल पाणी टिपतो तो या लूपांमुळे. सगळं सूत ताणलं तर कापड होईल, पण अंग पुसायच्या कामाचं राहणार नाही. सगळं सैल सोडलं तर कापडच होणार नाही.

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत हे दृश्य इतकं रोजचं आहे की त्याकडे कुणी थांबून पाहत नाही. मीही कित्येक वर्षं पाहिलं नव्हतं. लाओत्सेच्या 'ताओ ते चिंग'चं अकरावं प्रकरण वाचलं आणि पाहिलं. चाक फिरतं ते तुंब्यातल्या पोकळीमुळे, मडकं उपयोगी पडतं ते आतल्या पोकळीमुळे, घरात राहता येतं ते भिंतींमधल्या रिकामेपणामुळे, असा त्या प्रकरणाचा आशय आहे. मला लगेच आठवला तो दुसरा बीम. या पुस्तकाची सुरुवात तिथे झाली.

पुढे आम्ही काही जण पाळी सुटल्यावर सुताच्या गोदामात बसून चिनी ताओपंथाच्या गोष्टी वाचू लागलो. कुणाच्या घरची भाषा तेलुगू, कुणाची कन्नड, वाचन मात्र मराठीत. वाचता वाचता प्रत्येक वेळी चर्चा एकाच विषयावर येऊन थांबायची. तो विषय म्हणजे वेळ. वेळ पुरत नाही, वेळ जात नाही, वेळ निघून गेली. या तीन तक्रारी एकच माणूस एकाच दिवसात करतो. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या चिनी विचारवंतांकडे या तक्रारींना काय उत्तर होतं, हा या पुस्तकाचा विषय आहे.

प्रथम 'ताओ' हा शब्द. त्याचा साधा अर्थ वाट. तो भारतीय भाषेत कसा आणावा, हा प्रश्न आपल्याला पहिल्यांदा पडलेला नाही. इ.स. 647 मध्ये तांग सम्राट ताइझोंगने 'ताओ ते चिंग'चं संस्कृत भाषांतर करण्याचं काम ह्युएन त्संगकडे सोपवलं. भारतात फिरताना साधारण 641 च्या सुमारास दुसऱ्या पुलकेशीच्या महाराष्ट्रात येऊन गेलेला आणि इथल्या माणसांचं वर्णन लिहून ठेवणारा प्रवासी तो हाच. त्याच्याबरोबर बसलेल्या ताओपंथी पंडितांचा ओढा बौद्ध परिभाषेकडे होता, 'ताओ'साठी त्यांना 'बोधी' हा शब्द हवा होता. ह्युएन त्संगने 'मार्ग' या शब्दाचा आग्रह धरला. ते भाषांतर आज उपलब्ध नाही, पण त्याचा आग्रह मला मोलाचा वाटतो. बोधी म्हणजे पोहोचणं. मार्ग म्हणजे चालणं. ताओपंथाचं काळाविषयीचं म्हणणं या चालण्यात आहे.

ते समजायला मराठी माणसाला फार लांब जावं लागत नाही. 'काळ आला होता, पण वेळ आली नव्हती,' असं आपण सहज म्हणून जातो. काळ हा अफाट, सगळ्यांना गिळणारा. वेळ ही नेमकी, एखाद्या गोष्टीची स्वतःची. जुन्या चिनी भाषेत 'शी' हा शब्द आपल्या 'वेळे'च्या जवळचा आहे. ऋतू, हंगाम, योग्य क्षण असे त्याचे अर्थ. इ.स.पू. 139 मध्ये हान सम्राटापुढे ठेवलेल्या 'ह्वाइनानत्से' या ग्रंथात विश्वाला दिलेला शब्दच अवकाश आणि काळ या दोन अक्षरांचा आहे: चारही दिशा, वर आणि खाली मिळून एक अक्षर, भूतकाळापासून आजपर्यंतचं सगळं मिळून दुसरं. तरीही या मंडळींना काळाची व्याख्या करण्यात फारसा रस नव्हता. वेळेशी कसं वागावं, ही त्यांची चिंता होती.

त्यांच्या विचारात तीन सूत्रं वारंवार भेटतात. पहिलं, परतणं. लाओत्सेच्या मते वाटेची गतीच परतण्याची आहे. टोकाला गेलेली गोष्ट मागे वळते, आणि मुळाशी परतणं म्हणजे स्थिर होणं. दुसरं, रूपांतर. ताओपंथाचा दुसरा मोठा विचारवंत च्वांगत्से याला जग म्हणजे न थांबणारा बदल वाटतो. पत्नी गेल्यावर तो घमेल्यावर ठेका धरून गात बसलेला त्याच्या मित्राला दिसतो. मित्र रागावतो तेव्हा तो सांगतो की आपणही आधी रडलोच, पण मग ध्यानात आलं की ऋतूमागून ऋतू यावा तसं हे घडलं आहे. तिसरं सूत्र वेळेशी सलोख्याचं. च्वांगत्से सांगतो, लाओत्सेच्या मृत्यूनंतर त्याचा एक मित्र येतो, तीनदा हंबरडा फोडतो आणि निघून जातो. शिष्यांना हे विचित्र वाटतं. तो म्हणतो, यायची वेळ होती म्हणून ते आले, जायची वेळ झाली म्हणून गेले. वेळेशी ज्याचं जमलं त्याला सुखदुःख आतून पोखरत नाही. च्वांगत्से दुःख नाकारत नाही. दुःखाचीही वेळ असते आणि ती पुढे सरकते, एवढंच तो दाखवतो.

हा विचार कसा वाढत गेला, त्याचा नकाशा नवख्या वाचकाने मनाशी ठेवावा. आरंभी दोन ग्रंथ. 'ताओ ते चिंग' 81 प्रकरणांचा आणि सुमारे पाच हजार अक्षरांचा, म्हणजे एका बैठकीत वाचून होईल एवढा. लाओत्से नावाचा एकच माणूस होता की अनेकांची वचनं त्या नावाखाली गोळा झाली, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. 1993 मध्ये हुबेई प्रांतातल्या ग्वोदियान इथल्या कबरीत बांबूच्या पट्ट्यांवर लिहिलेला त्याचा काही भाग सापडला. तो इ.स.पू. 300 च्या सुमाराचा. त्याआधी 1973 मध्ये हुनान प्रांतातल्या मावांगदुई इथे इ.स.पू. 168 मध्ये बंद केलेल्या कबरीतून याच ग्रंथाच्या दोन प्रती निघाल्या होत्या. त्या रेशमी कापडावर लिहिलेल्या होत्या आणि त्यांत ग्रंथाचा उत्तरार्ध आधी येतो. वाटेचा हा ग्रंथ विणलेल्या कापडावर टिकून राहिला, हे गोदामात वाचलं तेव्हा आमच्यातल्या प्रत्येकाने मान वर करून पाहिलं होतं.

दुसरा ग्रंथ 'च्वांगत्से'. आज मिळते ती 33 प्रकरणांची प्रत इ.स. 312 मध्ये वारलेल्या ग्वो श्यांगने संपादित केलेली आहे. लाओत्से राजाशी बोलतो, च्वांगत्से खाटीक, सुतार, चाकं करणारा, काठीने सिकाडा किडे धरणारा कुबडा यांच्याकडे बोट दाखवतो. सुरी चालवता चालवता वाटेला लागलेला त्याचा खाटीक जगप्रसिद्ध आहे. एकोणीस वर्षं त्याला धार लावावी लागली नाही, कारण तो हाडावर घाव न घालता सांध्यातल्या पोकळीतून पातं नेतो. अवघड जागा आली की तो सावध होतो, नजर स्थिरावते, हात मंदावतो. वर्तमानात राहणं म्हणजे काय, हे यापेक्षा नीट सांगितलेलं मी कुठे वाचलेलं नाही. कष्टाचं काम करणारी माणसं इथे विचारवंतांची गुरू आहेत, आणि म्हणून या पुस्तकात च्वांगत्सेला सर्वांत जास्त जागा दिली आहे.

मग भाष्यकार आले. अवघ्या तेविसाव्या वर्षी, इ.स. 249 मध्ये वारलेल्या वांग बीने लाओत्सेला 'नसण्या'च्या तत्त्वज्ञानाची बैठक दिली. त्याआधीच, परंपरेने सांगितलेल्या इ.स. 142 या वर्षी, चांग ताओलिंगने स्वर्गीय गुरूंचा पंथ सुरू केला होता. तिथून ताओचा धर्म झाला: पुरोहित, विधी, पंचांग, दैवतं. दीर्घायुष्याचा ध्यास, औषधं आणि किमया यांची एक वेगळी धारा को हुंगसारख्यांनी चौथ्या शतकात ग्रंथबद्ध केली. काळावर मात करण्याची इच्छा आणि काळाशी जुळवून घेण्याची शिकवण या एकाच परंपरेत शेजारी शेजारी राहिल्या, हे विसरू नये. तांग काळात सिमा चेंगझेन (647–735) याने 'बसून विसरणं' या च्वांगत्सेच्या कल्पनेवर साधनेच्या पायऱ्या सांगणारा ग्रंथ लिहिला. बाराव्या शतकात वांग चोंगयांगने स्थापलेल्या छुआनचेन पंथाने बौद्ध ध्यान, कन्फ्यूशियन नीती आणि ताओ यांची सांगड घातली. त्या पंथाचा चिऊ चूजी 1222 मध्ये थेट चंगेझखानाला भेटला आणि अमर होण्याचं औषध आपल्याकडे नाही, आयुष्य जपण्याचे उपाय आहेत, असं त्याने त्याला स्पष्ट सांगितलं. किमयेची भट्टी याच काळात बाहेरून आत आली. श्वास म्हणजे जाळ, देह म्हणजे पात्र, आणि जाळ केव्हा वाढवावा, केव्हा कमी करावा याचं वेळापत्रक हेच साधनेचं मर्म, अशी ही अंतर्किमया. आपल्या नाथपंथी योगाशी तिचं साम्य कुणाच्याही नजरेत भरेल.

आता भान. सजगतेची आजची लाट मुख्यतः बौद्ध परंपरेतून आली आहे. सत्यनारायण गोयंका यांनी 1976 मध्ये इगतपुरीत धम्मगिरी केंद्र सुरू केलं, आणि 1979 मध्ये अमेरिकेत जॉन कबात-झिन यांनी दुखण्याने त्रस्त रुग्णांसाठी काही आठवड्यांचा अभ्यासक्रम आखला. या वाटेवर श्वास आणि संवेदना यांवर लक्ष ठेवायचं असतं. मराठीत याला नेमका शब्द आहे: भान ठेवणं. ताओपंथाची वाट याच शब्दाच्या दुसऱ्या टोकाला सुरू होते. कीर्तनात, पोहताना, विणताना आपलं भान हरपतं. तेव्हा आपण बेसावध असतो का? उलट तेव्हाच हात सर्वांत कमी चुकतात. च्वांगत्से याला विसरणं म्हणतो. चप्पल नीट बसली की पायाचा विसर पडतो, पट्टा नीट बसला की कमरेचा, तसं मन नीट बसलं की बरं-वाईट तोलत राहण्याचा विसर पडतो. तिथवर जाण्याचा उपाय म्हणून तो मनाचा उपवास सुचवतो. एकादशी पाळणाऱ्या घरांत हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. भान ठेवणं आणि भान हरपणं यांत भांडण नाही. पहिलं ताणलेलं सूत आहे, दुसरं सैल सोडलेलं. या पुस्तकाचं सगळं म्हणणं या एका वाक्यात आहे.

हे म्हणणं सोलापूरला परकं नाही. चीनमधून इथे काही आलं असा माझा दावा नाही. एका प्रश्नाशी दोन ठिकाणची माणसं प्रामाणिकपणे भिडली, तर त्यांची पावलं जवळजवळ पडतात, एवढंच मला दिसतं. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी या गावात, म्हणजे तेव्हाच्या सोन्नलगीत, लोकांसाठी तळं खोदलं. पंधराव्या शतकात संकलित झालेल्या 'शून्यसंपादने' या कन्नड ग्रंथात वचनकार संत अल्लमप्रभू तिथे येतात आणि माती उपसणाऱ्यांचा तो म्होरक्या कुठे आहे, असं विचारतात. कामकरी चिडतात. पुढे अल्लम आणि सिद्धराम यांच्यात जो संवाद होतो त्याचा गाभा असा: तळं खोदण्यात दोष नाही, 'मी खोदतो' या गाठीत आहे. लाओत्सेचं 'वू-वेई' म्हणजे काम सोडणं असा गैरसमज फार पसरला आहे. ती गाठ सुटलेलं काम म्हणजे वू-वेई. सिद्धराम अल्लमांबरोबर कर्नाटकातल्या कल्याणला गेले, आणि तळं आजही गावाच्या मधोमध आहे. 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीता प्रवचनं दिली. कर्मात मन ओतलं की त्याचं ओझं उतरतं आणि कर्माचं अकर्म होतं, असं त्यांत विनोबा समजावतात. तेही याच गाठीविषयी बोलत होते.

सोलापूर जिल्ह्यातल्याच पाथरीत 1888 मध्ये जन्मलेले सिद्धरामेश्वर महाराज मुंगीची वाट आणि पक्ष्याची वाट असा भेद करत. मुंगी पायरी पायरीने फळापर्यंत जाते, पक्षी थेट जातो. पायऱ्या सांगणारा सिमा चेंगझेन आणि पायऱ्यांवर विश्वास नसलेला च्वांगत्से यांच्यातला फरक मला या दृष्टांतामुळे कळला.

सगळंच जुळतं असं मात्र नाही. इथल्या पद्मशाली विणकर समाजाचे मूळपुरुष मार्कंडेय. नारळी पौर्णिमेला सोलापुरात त्यांचा रथ निघतो. यमाचा फास पडला तेव्हा त्यांनी शिवाला मिठी मारली आणि शिवाने काळाला हटवलं. लाओत्सेचा तो मित्र असता तर म्हणाला असता, वेळ झाली, जाऊ द्या. या दोन कथांचा मेळ घालायचा प्रयत्न मी केलेला नाही. आईबापांच्या पोटच्या पोराला सोळाव्या वर्षी मरण यावं, ही गोष्ट मान्य न करणारी कथाही माणसाला लागते. सोलापूरचेच डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि 9 डिसेंबर 1942 रोजी बत्तिसाव्या वर्षी तिथेच वारले. युद्धात जखमी झालेल्यांवर त्यांनी रात्रंदिवस उपचार केले. वेळेशी सलोखा आणि मृत्यूशी झुंज या दोन्ही गोष्टी एका माणसात असू शकतात, हे मी त्यांच्या चरित्राकडून शिकलो.

हे सगळं आजच का? सोलापुरात पहिली कापड गिरणी 1877 च्या सुमाराला सुरू झाली आणि तिच्यामागून आलेल्या गिरण्यांच्या भोंग्यांनी पिढ्यान् पिढ्या गावाला उठवलं, जेवू घातलं, झोपवलं. गिरण्या गेल्या, भोंगे गेले. आता प्रत्येकाच्या खिशात एक भोंगा आहे आणि तो पाळी संपली तरी थांबत नाही. मागाजवळ उभं असताना मन उद्याच्या ऑर्डरकडे असतं, घरी भाकरी मोडताना कारखान्यात. च्वांगत्सेत एक माळी आहे. तो विहिरीत उतरून मडक्याने पाणी आणतो. वाटसरू त्याला पाणी उपसायची उक्ती बसवायला सांगतो. माळी म्हणतो, यंत्र आलं की यंत्राची कामं येतात, आणि मग छातीत यंत्राचं मन येतं. यंत्रमागावर पोट असलेल्या माणसांना ही गोष्ट बोचते. हातमाग सोडून आम्ही यंत्रमागावर आलो आणि त्यावर मुलं शिकली. पण त्या गोष्टीला शेवट आहे, तो सहसा सांगितला जात नाही. वाटसरू ही हकीकत कन्फ्यूशियसला सांगतो आणि कन्फ्यूशियस म्हणतो, त्या माळ्याला एकच बाजू ठाऊक आहे, दुसरी नाही. माझ्या मते ती दुसरी बाजू ही: यंत्र बाहेर असू द्यावं, आत येऊ देऊ नये. हे जमतं का, कशाने जमतं, हाच आमच्या पिढीचा प्रश्न आहे.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगितली पाहिजे. मजुरी जेव्हा निघालेल्या मालावर किंवा हजार विड्यांवर मोजली जाते, तेव्हा 'क्षणात जगा' हा सल्ला क्रूर ठरू शकतो. थकलेल्या माणसाला आणखी राबवण्यासाठी सजगतेचा वापर होत असेल, तर ताओपंथ त्याच्या बाजूने उभा नाही. प्रजा उपाशी आहे कारण वरचे लोक कर जास्त खातात, हे 'ताओ ते चिंग'मध्ये उघड म्हटलेलं आहे. विसाव्याचा तास आधी हक्काचा असला पाहिजे. तो कसा जगावा, हे त्यानंतरचं बोलणं. हे पुस्तक त्या हक्काच्या जागी ठेवण्यासाठी लिहिलेलं नाही.

मग ते कशासाठी आहे? ताओपंथाचा संपूर्ण इतिहास इथे मिळणार नाही, चिनी व्याकरणाची चर्चाही नाही. मूळ गोष्टी मराठीत माझ्या शब्दांत सांगाव्यात, प्रत्येकीतला वेळेचा धागा उलगडून दाखवावा आणि तो आपल्या कामाशी, घराशी, म्हातारपणाशी, शोकाशी जोडून पाहावा, एवढा यत्न आहे. साधनेचे वर्ग किंवा आठवड्यांचे कार्यक्रम इथे दिलेले नाहीत. ज्यांना ध्यान शिकायचं आहे त्यांनी ते जाणत्या माणसासमोर बसून शिकावं. परिभाषा शक्य तितकी टाळली आहे. 'वू-वेई'साठी 'ओढाताण न करता केलेलं' हे शब्द मी बऱ्याच ठिकाणी वापरले आहेत. ते लांब आहेत, पण मागावर उभ्या असलेल्या माणसाला पहिल्या ऐकण्यात कळतात, हे मी पाहिलं आहे.

पुस्तक वाचताना एका वेळी एकच गोष्ट वाचावी आणि पुस्तक खाली ठेवावं. च्वांगत्सेतला चाकं करणारा म्हातारा पुस्तक वाचत बसलेल्या राजाला म्हणतो की तुम्ही वाचता आहात तो मेलेल्या माणसांचा गाळ आहे. छिन्नीचा घाव किती हळू, किती वेगाने घातला की चाक नीट बसतं, हे त्याला स्वतःच्या मुलालाही शब्दांत सांगता आलेलं नाही. धागा तुटल्यावर दोन टोकं बोटांत धरून कशी जोडायची, हेही कुणी कुणाला सांगून शिकवलेलं मी पाहिलेलं नाही. शेजारी उभं राहून ते बोटांत येतं. या पानांनी तेवढं शेजारी उभं राहावं.

मागखात्यात एवढा खडखडाट असतो की माणसं खुणांनी आणि ओठांवरून बोलतात. मध्येच वीज जाते. सगळे माग एकदम थांबतात. कानांत घुमणारा आवाज विरायला थोडा वेळ लागतो, मग बाहेरच्या कडुनिंबावरची चिमणी ऐकू येते. ती आधीही ओरडत होती. त्या अर्ध्या मिनिटात कुणीही जागचं हलत नाही, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. मग कुणीतरी घड्याळ बघतं, कारण वीज गेली की मजुरीही बुडते. मजुरी न बुडता, माग चालू असताना, ती चिमणी ऐकू यावी, या इच्छेने हे पुस्तक लिहिलं आहे.